सतरा नंबरवाल्यांना दहावी शिकवायला बसताना

दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म तो सतरा नंबरचा फॉर्म. सातवी-आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, मुलं मोठी झाली आणि आता कुठल्या तरी नोकरीच्या जाहिरातीत 'दहावी उत्तीर्ण' अशी अट दिसली, की माणसं तो भरतात. कधी नोकरीबिकरी काही नसतं, नुसतं मनात राहून गेलेलं असतं. मग ती तुमच्याकडे येतात. घरी कामाला येणाऱ्या ताई, गावाकडची वहिनी, सोसायटीचा वॉचमन. "तुम्ही शिकलेले आहात, जरा बघा ना." आणि तुम्ही हो म्हणून बसता. हा लेख तुमच्यासाठी आहे.

मी पुण्यात संध्याकाळी आठ ते साडेनऊ अशा काही बायकांना शिकवते, एका देवळामागच्या खोलीत. बऱ्याच जणी मराठवाड्यातून आलेल्या. पहिल्या वर्षी मी शाळेत जसं शिकले तसंच शिकवलं. धडा पहिला उघडायचा, वाचायचा, समजावायचा, प्रश्नोत्तरं उतरवून द्यायची. जूनमध्ये अकरा जणी होत्या, दिवाळीनंतर चार. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की यांना अर्धं पुस्तक येतं, फक्त ते पुस्तकात आहे हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी हातातली गोष्ट, मग तिचं पुस्तकातलं नाव, आणि त्याच दिवशी वहीत दोन ओळी. विज्ञान, इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी या चार विषयांत तो कसा चालतो ते सांगते. गणित आणि इंग्रजी हे वेगळं दुखणं आहे, त्यात इथे शिरत नाही.

पुस्तक उघडण्याआधी

आधी कागद. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत लागतो. तो हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र. गावची शाळा, रजा, एसटीचा प्रवास, यात महिना सहज जातो, म्हणून शिकवण्याच्या पहिल्या दिवशीच दाखल्याची चौकशी करा. फॉर्म राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची असते. ती घराजवळची निवडा, कारण अंतर्गत गुणांसाठी आणि विज्ञानाच्या प्रात्यक्षिकासाठी तिथे खेटे घालावे लागतात. तारखा संकेतस्थळावरच बघा, शेजारणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

पुस्तकं बालभारतीची. संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात, पण यांच्यासाठी छापील घ्या. फोन घरात एकच असतो आणि तो मुलाच्या हातात असतो. कुणाकडची जुनी पुस्तकं मिळाली तर आधी यंदा तीच चालू आहेत ना ते पाहा.

मग एक छोटी चाचणी, पण तिला चाचणी म्हणू नका. कुठल्याही पानावरच्या सहा ओळी मोठ्याने वाचायला सांगा आणि दहा मिनिटं काहीही लिहायला सांगा, काल काय स्वयंपाक केला ते चालेल. यातून दोन गोष्टी कळतात. एक, लिहिण्याचा वेग. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा, मराठीचा ८० गुणांचा आणि तीन तासांचा. वीस वर्षं ज्या हाताने सहीखेरीज काही लिहिलं नाही, तो हात अर्ध्या तासात आखडतो. त्यावर औषध एकच, रोज एक पान. दुसरी गोष्ट डोळे. एक बाई फार अडखळत वाचायच्या. त्यांचं वाचनच कच्चं आहे असं मी महिनाभर धरून चालले होते. त्यांना चाळिशी लागली होती, एवढंच. चष्मा आला आणि बाई घडाघडा वाचायला लागल्या. त्या महिन्याची मला अजून लाज वाटते.

विज्ञान: भांड्यांपासून सुरुवात

विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुण, शिवाय प्रात्यक्षिकाचे २०. पहिल्या भागाची सुरुवात गुरुत्वाकर्षणाने होते. तिथून सुरुवात करू नका, सूत्रं बघून लोक पळतात. मी धातूंपासून करते.

पहिल्या दिवशी घरून एक तांब्याचं भांडं आणायला सांगते, न घासलेलं. त्यावर हिरवट थर असतो. "हा कशाने येतो?" असं विचारलं की "हवा लागून" हे उत्तर लगेच येतं, आणि ते बरोबरच आहे. ओलसर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी तांब्याची अभिक्रिया होते, थर कॉपर कार्बोनेटचा. मग चिंचेचा कोळ लावायचा. थर सुटतो, तांबं लाल दिसायला लागतं. चिंचेत आम्ल आहे, ते कार्बोनेटला विरघळवतं. हे करताना सगळ्या हसत होत्या, "हे तर आम्ही रोज करतो." मग मी फळ्यावर एकच शब्द लिहिला: क्षरण. चांदीचे पैंजण काळे पडतात तेही क्षरणच, तिथे थर सिल्व्हर सल्फाइडचा.

आता क्षरण थांबवायचं कसं? इथे एका आजींनी कल्हईवाल्याचं वर्णन सुरू केलं. भाता, कोळसे, तापलेल्या पितळी पातेल्यात टाकलेला नवसागर, त्याचा पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापडाने एक झपाटा, की पातेलं आतून चांदीसारखं. तरुण मुलींनी हे कधी पाहिलेलं नव्हतं. आजींना सांगितलं, तुम्ही आत्ता जे बोललात ते पुस्तकात आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, तो पृष्ठभाग साफ करतो. कथील म्हणजे टिन. त्याचा थर बसला की आंबट पदार्थ पितळेला लागत नाही, म्हणून कळकत नाही. 'कल्हई करणे' हा क्षरण रोखण्याचा उपाय म्हणून लिहायचा, आणि त्याच्या शेजारी लोखंडी पत्र्यावरचं जस्तविलेपन. चाळीस मिनिटांत अर्ध्या धड्याचं काम झालं होतं.

उष्णतेच्या धड्यात 'अप्रकट उष्मा' हा शब्द सगळ्यांना दगडासारखा लागतो. तिथे विचारा, उकळतं पाणी हातावर सांडलेलं जास्त भाजतं की कुकरची वाफ? उत्तर एकमुखाने येतं. कारण विचारलं की शांतता. मग हिशोब मांडा. १०० अंशांचं एक ग्रॅम पाणी शरीराच्या ३७ अंशांवर येताना ६३ कॅलरी देतं. १०० अंशांचीच एक ग्रॅम वाफ आधी पाणी होते, त्यातच ५४० कॅलरी बाहेर पडतात, आणि मग ते पाणी पुन्हा ६३ देतं. म्हणजे एकूण ६०३, जवळजवळ साडेनऊ पट. त्या ५४० कॅलरी बाहेर पडताना तापमान बदलत नाही, तापमापीला त्या दिसत नाहीत, म्हणून 'अप्रकट'. असा शब्द फोडून दाखवला की पुन्हा विसरत नाहीत.

विजेसाठी घरचं लाइट बिल आणायला सांगा. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तास, म्हणजे ३६,००,००० ज्यूल. हजार वॅटचा हीटर तासभर चालला की एक युनिट पडलं. ७५ वॅटचा पंखा रोज आठ तास चालला तर महिन्याला १८ युनिट. हा हिशोब झाला त्या आठवड्यात एकीने घरातल्या सगळ्यांना बटणं बंद करायला लावली म्हणे. ते बिल फाडू नका, पुढे मराठीत लागणार आहे.

दुसऱ्या भागात पुनरुत्पादनाचा धडा आहे. तो गाळू नका आणि घाईने उरकूही नका. वर्गात फक्त बायका असतील तर दार लावून घ्या. पुरुष असतील तर पुस्तकातली आकृती फळ्यावर मोठी काढा आणि पुस्तकातलेच शब्द वापरा, आवाज बदलू नका. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, त्यातली एक जोडी लिंग ठरवणारी. आईकडून नेहमी एक्सच येतं. बापाकडून एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. हे मी सांगितलं त्या दिवशी तीन मुलींची एक आई काहीच बोलली नाही. बाकीच्या वही भरत होत्या. तास संपल्यावर तिने विचारलं, "मॅडम, हे कितव्या पानावर आहे?" पान सापडल्यावर तिने कोपरा दुमडला आणि पुस्तक पिशवीत नीट उभं ठेवलं.

दही, इडलीचं पीठ, पाव हे सूक्ष्मजीवांच्या धड्याला जोडायला मी सांगायला नको. फक्त 'विरजण' म्हणून थांबू नका. लॅक्टोबॅसिलाय, लॅक्टोजचं लॅक्टिक आम्ल, ही नावं वहीत आलीच पाहिजेत. परीक्षकाला विरजणाचे गुण देता येत नाहीत.

इतिहास: स्वतःच्या दाखल्यापासून

दहावीचा इतिहास राजांच्या लढायांचा नाही, हे अनेक शिकवणाऱ्यांनाही माहीत नसतं. इतिहास लिहितात कसा, साधनं कोणती, कला, खेळ, पर्यटन, माध्यमं यांचा इतिहासाशी काय संबंध, असे धडे आहेत. आणि पहिल्याच धड्यात देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी पाश्चात्त्यांची रांग. पुस्तक करणाऱ्यांनी हा धडा पहिला का ठेवला असेल ते तर्काला धरून आहे, पण आमच्या वर्गाचं त्याने नुकसान होतं. मी तो शेवटी घेते. खेळ आणि पर्यटन आधी, मग ऐतिहासिक ठेवा. कुणाच्या ना कुणाच्या गावाजवळ किल्ला, बारव किंवा वेरूळ-अजिंठा असतंच.

पण साधनांची चिकित्सा शिकवायला माझ्याकडे याहून चांगली वस्तू आहे, तो शाळा सोडल्याचा दाखला. सगळ्यांचे दाखले सतरंजीवर मांडायला सांगते. जन्मतारखा वाचायच्या. एक जून, एक जून, सात मे, एक जून. सगळ्या खो खो हसतात, कारण महाराष्ट्रात निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एकीच्या दाखल्यावर १ जून १९९३ होतं. तिचं माहेर किल्लारीच्या बाजूला. ती म्हणाली, "आई सांगते, भूकंप झाला तेव्हा मी पोटात होते." किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. मग खरं काय? मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. पहिली म्हणाली, आई कशाला खोटं सांगेल, भूकंप कुणी विसरतं का. दुसरी म्हणाली, पण शिक्का तर शाळेचा आहे. तिसरीने कोडं सोडवलं. जून १९९९ मध्ये पहिलीत घालायचं तर सहा वर्षं पूर्ण हवीत, म्हणून गुरुजींनी तेवढी धरून मागे मोजलं. कागद खोटा नव्हता, तो वेगळ्या कामासाठी लिहिलेला होता.

इथे खडू हातात घ्या. दाखला हे लिखित साधन, आईची आठवण हे मौखिक साधन, पडलेल्या घराचा दगड असेल तर ते भौतिक साधन. साधन कुणी लिहिलं, कधी, कशासाठी, हे विचारणं म्हणजे चिकित्सा. आता रांकेचं नाव घ्या. मूळ दस्तऐवज शोधा, त्यांची कसून तपासणी करा, असं सांगणारा हा माणूस. मग आपल्याकडचे वि. का. राजवाडे, ज्यांनी गावोगाव हिंडून दप्तरं गोळा केली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं २२ खंडांत छापली. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालचं, त्यांनीच उभारलेलं. दाखल्याच्या गोष्टीनंतर राजवाडे हे 'टीप लिहा' पुरते राहत नाहीत. लोकांच्या घरातल्या रुमालात बांधलेल्या कागदांसाठी हा माणूस का वणवण करत होता, ते कळतं.

जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, पोवाडे हे मौखिक साधनांत येतात. कुणाला ओवी येत असेल तर म्हणायला लावा. मात्र पाच मिनिटांत थांबवा, नाहीतर अख्खा तास ओव्यांत जातो. माझे असे तीन तास गेले आहेत आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

राज्यशास्त्र: बोटावरची शाई

पेपरात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण. धडे पाचच आणि भाषा सोपी, म्हणून कमी वेळात गुण इथेच पदरात पडतात. आणि या विषयात बायका तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. मतदान केंद्रावर काय होतं ते एकीला क्रमाने सांगू द्या: यादीत नाव, ओळखपत्र, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई, यंत्राचं बटण. मग निवडणूक आयोगाकडे या. कलम ३२४, स्थापना २५ जानेवारी १९५०, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन, पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने. आकडे इतकेच, पण ते पाठ हवेत.

७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती शिकवताना विचारा, गावात बाई सरपंच आहे का? हो. कारभार कोण बघतं? इथे वर्ग तापतो. तापू द्या. स्थानिक संस्थांत महिलांना आधी ३३ टक्के राखीव जागा होत्या, महाराष्ट्रात नंतर ५० टक्के झाल्या. "सही तिची, खुर्ची त्याची" असं एक जण म्हणाली. 'चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' या प्रश्नाला असं मत नुसतं मांडून भागत नाही, त्यामागे कायदा काय म्हणतो ते लिहावं लागतं. हा फरक मात्र बसून समजावा, कारण यांच्याकडे मतं भरपूर असतात आणि उत्तरपत्रिकेत ती तशीच उतरतात.

माहितीचा अधिकार २००५ चा. तो वाचून दाखवू नका, अर्ज लिहायला लावा. दहा रुपये शुल्क, साधारण ३० दिवसांत उत्तर. रेशनवर या महिन्यात किती धान्य आलं, हा प्रश्न सगळ्यांना सुचतो. त्या कच्च्या अर्जात विषय, दिनांक, 'महोदय', खाली सही असं सगळं येतं, आणि तुम्ही न सांगता मराठीच्या पत्रलेखनात शिरलेले असता.

मराठी: येतं ते लिहिता येण्यासाठी

मराठीच्या कृतिपत्रिकेत गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६ आणि उपयोजित लेखन २४ गुणांचं. मोठ्या माणसांनी हा क्रम उलटा करून तयारी करावी. उपयोजित लेखन आधी. आता ते लाइट बिल काढा. युनिट जास्त आले, मीटर तपासावा, अशी तक्रार लिहायची. विज्ञानात केलेला १८ युनिटचा हिशोब त्यात घातला की पत्राला वजन येतं. जाहिरात लिहायची तर पापड-लोणच्यांची. बातमी लिहायची तर मंडळाच्या हळदीकुंकवाची. मात्र बातमीत 'आम्ही' येऊ देऊ नका, ही चूक सगळ्यांची होते.

कवितेला लोक घाबरतात ते रसग्रहणामुळे. तीन मुद्दे असतात: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. साध्या भाषेत सांगा. काय म्हटलंय, ते वाचून काय दिसतं आणि कसं वाटतं, आणि शब्द कसे वापरलेत. अभंग आला तर पुस्तक बाजूला ठेवून आधी पाठ असलेला एक म्हणायला लावा. 'सुंदर ते ध्यान' कुणालाही येतो. मग बोटांवर अक्षरं मोजा. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वो-नि-या, चार. 'विटेवरी' आणि 'कटावरी', दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. याला मोठा अभंग म्हणतात. दर एकादशीला म्हणत आलेल्या बाईने पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा ती दोनदा थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि म्हणाली, "बसवलंय की हो नीट." भाषिक वैशिष्ट्यं म्हणजे हेच. हेच वाक्य जरा सावरून वहीत उतरवायला सांगा.

बोलीबद्दल एक. वर्गात "म्या", "व्हतं", "आलंय की" चालू द्या, दुरुस्त करत बसू नका. वहीत मात्र पुस्तकी रूप. दोन्ही येतात असं सांगा, एक घरचं आणि एक पेपरचं. पहिल्या वर्षी मी बोलताना चुका काढायचे. चारच जणी उरल्या, त्यात याचाही वाटा असावा.

शेवटचे दोन महिने

जानेवारीपासून नवं काही शिकवू नका. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या, आठवड्याला दोन. 'अपेक्षित प्रश्नसंच' वापरायचे तर आत्ता वापरा, ऑगस्टमध्ये हाती दिलेत तर पुस्तक कुणी उघडत नाही. 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात उत्तराची सुरुवात कारणापासून करायची सवय लावा. नाहीतर प्रश्नच पुन्हा उतरवण्यात तीन ओळी जातात. विज्ञानात आकृती पेन्सिलीने, नावं एका बाजूला. लग्नसराई, यात्रा, मुलांच्या परीक्षा याच काळात येतात, म्हणून वर्गाचं वेळापत्रक त्यांना विचारून ठरवा.

आणि एक काम आठवडाभर आधी करा. दाखल्यावर माहेरचं नाव असतं, हॉल तिकिटावरही तेच येतं. पंधरा-वीस वर्षं सासरच्या नावाने सही करणारी बाई पेपरच्या दिवशी सहीच्या रकान्याशी अडते. रोज दहा वेळा ते जुनं नाव लिहून घ्या. गेल्या वर्षी एकीने पहिल्या दिवशी लिहिलं आणि वडिलांच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते विचारायला गावी फोन लावला.